कुंदाताईंनी हलवलेला गणपती

मुलुंड पूर्वेला कुणालाही विचारा, कुंदा दिघे कोण, तर उत्तर येईल, "त्या स्कूटरवरच्या भटजीबाई ना?" आणि मग आवाज खाली आणून, "सीकेपी आहेत बरं का त्या!" ज्या घरात रविवारी सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी शिजल्याशिवाय आठवडा संपत नाही, त्या घरातली बाई लोकांकडे जाऊन सत्यनारायण सांगते, याचं लोकांना कोण अप्रूप! कुंदाताई मात्र शांत. "देवाला चालतं, तुम्हाला काय झालं?" असं म्हणून पदर खोचायच्या आणि पाटावर बसायच्या. एकदा बसल्या की समोरच्याची बोलती बंद. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगायची भारी हौस. पोरंटोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकायची, आता बोला!

विमा कंपनीत वीसेक वर्षं टेबल सांभाळल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ठाण्याच्या एका वर्गात जाऊन पौरोहित्य शिकल्या. नवरा अनंतराव, महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेला गमत्या माणूस. एकुलती लेक गंधाली लग्न होऊन नाशिकला. घरात दोघंच. बायकोला नवीन काहीतरी सापडलं म्हणून अनंतराव खूश होते. पहिल्या वर्षी एखाददुसरी पूजा यायची तेव्हा तेच स्कूटर पुसून ठेवायचे.

पुढे मात्र नाव झालं आणि वाट लागली. एकटीचा कारभार. फोन घेणार त्याच, मुहूर्त सांगणार त्याच, फुलबाजारातून दूर्वा आणि पत्री आणणार त्याच, जानवी, सुपाऱ्या, कापूर, गुलाल पिशवीत भरणार त्याच, आणि स्कूटर हाणत मुलुंड, भांडुप, घाटकोपर करत पूजा सांगणारही त्याच. "अगं, कुणीतरी मदतीला घे," असं अनंतराव शंभरदा म्हणाले असतील. "माझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही हो," हे उत्तर ठरलेलं. खोटं कशाला बोला, त्यात थोडा तोराही होता. आणि 'नाही' हा शब्द तर बाईंच्या तोंडात नव्हताच. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? समोरचा म्हणायचा, "ताई, तुम्हीच हव्यात," आणि ताई विरघळायच्या.

हळूहळू काहीतरी बिनसलं. अनंतरावांनी विचारलं, "चहा टाकू का?" तर यांच्या तोंडून आलं, "पंचामृत तयार ठेवा." अनंतराव पोट धरून हसले, कुंदाताई हसल्या नाहीत. जेवणाची चव गेली. रोज कुठे ना कुठे पूजा, म्हणून घरात मासळी येणं बंद झालं होतं. सीकेपी बाईला महिनोन् महिने सोडा आठवू नये, म्हणजे दुखणं किती आत गेलं असेल बघा. फोन वाजला की छातीत धडधडायचं. दारावरची बेल वाजली तरी चिडायच्या. आणि सगळ्यात वाईट गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. देवापुढे बसून त्या देवाकडे बघत नव्हत्या. नजर घड्याळाकडे असायची. मूर्ती म्हणजे आटपायचं काम झालं होतं. याची त्यांना मनातून इतकी लाज वाटायची, की ती झाकायला त्या आणखी पूजा घ्यायच्या.

अशात गेल्या वर्षीची गणेशचतुर्थी आली.

त्या दिवशी मुंबईत गुरुजी मिळणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी गणपती बसतो त्यालाच ठाऊक. कुंदाताईंनी घेता येतील तेवढी घरं घेतली होती, आणि वर आणखी काही घेतली होती. शेवटचं घर भांडुपच्या कोकणनगरात, भिकाजी परबांचं. ही मंडळी दरवर्षी गणपतीला गावी, कुडाळजवळ जायची. पण गेल्या वर्षी भिकाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, गावच्या घराचं छप्पर उतरवलेलं, म्हणून भावाभावांनी ठरवलं की औंदा देव मुंबईत बसवायचा. त्यांचा देव मुंबईत पहिल्यांदाच येत होता. गावचे गुरुजी गावी राहिले आणि इथे कुणी मिळेना. परबांच्या मुलाने, मिहिरने, आदल्या दिवशी कुठून तरी नंबर मिळवून फोन केला. "ताई, तुम्ही नाही म्हणालात तर आमचा बाप्पा तसाच पाटावर बसून राहील." झालं. ताई हो म्हणाल्या.

दुपार कलायला लागली तेव्हा त्या चढ चढून पोचल्या. सकाळपासून पोटात एक कप चहा. दोन खोल्यांत अख्खं गोत्र जमलेलं. नैवेद्य झाल्याशिवाय खायचं नाही म्हणून सगळे उपाशी, पण कपाळावर एक आठी नाही. भिकाजींची बायको सरूबाई हात जोडून म्हणाल्या, "इलंस गो बाय! बरां झाला." कुंदाताईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. बसल्या, आचमन झालं, संकल्प झाला, आणि तोंड आपलं आपण चालू लागलं. सकाळपासून तेच शब्द, तेच हात. भिकाजींच्या नावानंतर कुठल्या तरी आधीच्या घरचं गोत्र आलं, ते सावरलं. मग त्यांनी अक्षता उचलल्या, मूर्तीवर वाहिल्या, 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हटलं आणि मूर्तीचा पाट धरून हलकेच हलवला.

आता ज्यांच्याकडे गणपती बसत नाही त्यांना सांगायला हवं. देव आला की त्याच्या छातीला दूर्वा लावून प्राण भरायचे, ती प्राणप्रतिष्ठा. आणि निरोपाच्या दिवशी अक्षता टाकून मूर्ती जागची हलवायची, ती उत्तरपूजा. मूर्ती हलली की देव निघाला. त्यानंतर उरते ती माती, तिला पाण्यात न्यायचं. कोकणात हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आणि कुंदाताईंनी देवाला घरात घेण्याआधीच वाटेला लावलं होतं!

कुणाच्या तरी हातातली झांज खाली पडली. सरूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हलवलंस कित्याक गो?"

कुंदाताईंनी आपल्या हाताकडे बघितलं. हात अजून पाटावरच होता. चूक कळली, तिच्यावर क्षमायाचना असते हेही माहीत होतं, परत सुरुवातीपासून करता येतं हेही माहीत होतं. पण सुरुवात आठवेना. एकही मंत्र आठवेना. गणपतीचं नाव घ्यायला गेल्या तर जीभ उचलेना. पाटावर बसल्या बसल्या त्या रडायला लागल्या, आणि ते रडणं थांबेचना. समोर उपाशी माणसं, डोक्यावर आरास, बाहेर कुणाकडे तरी आरती जोरात चाललेली, आणि भटजीबाई हमसून हमसून रडतेय. असलं दृश्य भांडुपने बघितलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं घर असतं तर बोल लागला असता. सरूबाई पुढे झाल्या, त्यांनी कुंदाताईंना बगलेत हात घालून उठवलं, आतल्या खोलीत नेलं आणि खाटेवर बसवलं. "सकाळधरून कायतरी खाल्लंस काय?" कुंदाताईंनी मान हलवली. सरूबाईंनी नैवेद्याच्या तयारीतलं केळं सोललं, दुधाचा पेला भरला आणि हातात दिला. "काकी, नैवेद्य व्हायचाय..." कुंदाताई कशाबशा म्हणाल्या. "देव काय भुकेन मरूचो नाय. तू खा," सरूबाई म्हणाल्या आणि पेला तोंडाला लावूनच गप्प झाल्या. निरोप मिळून अनंतराव रिक्षा घेऊन येईपर्यंत सरूबाई तिथेच बसून होत्या. जाताना कुंदाताईंची मान वर झाली नाही. बाहेरच्या खोलीत देवाचं काय झालं, हे विचारायचंही धाडस झालं नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, दाब बघितला, आणि चष्म्यावरून बघत सांगितलं की औषधं देतो, पण खरं औषध म्हणजे काम बंद. गंधाली नाशिकहून धावत आली. "आई, याला बर्नआउट म्हणतात. आमच्या ऑफिसात दर महिन्याला कुणीतरी जातं यात." कुंदाताई म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसात कुणी देव परत पाठवत नाही ना पण!" लेक हसली आणि मग आईला बिलगून रडली. फोन अनंतरावांनी ताब्यात घेतला. जो येईल त्याला ते सांगायचे, "गुरुजी सुट्टीवर आहेत. कधी येतील, ते गुरुजींनाही माहीत नाही."

पहिले काही आठवडे कुंदाताई नुसत्या झोपल्या. उठायच्या, भिंतीकडे बघायच्या, परत झोपायच्या. घरातल्या देवांना दिवा लावायचीही ताकद नव्हती, खरं तर हिंमत नव्हती. तेव्हा अनंतराव सोवळं नेसून उभे राहिले. उभ्या आयुष्यात या गृहस्थांनी देवघराला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी सगळे देव ताटलीत घालून नळाखाली धरले, पाणीखात्यातला माणूस, प्रेशर बघितलं. बाळकृष्ण उलटा बसवला, भिंतीकडे तोंड करून. आणि मंत्रबिंत्र नाहीच, नुसत्या गप्पा. "काय मंडळी, झोप झाली का? आमच्या बाईसाहेब अजून झोपल्यात. आवाज करू नका." कुंदाताई खाटेवर पडून ऐकत होत्या. किती तरी दिवसांनी त्यांना हसू आलं. "अहो, बाळकृष्णाला फिरवा इकडे," त्या म्हणाल्या. "राहू दे. शिक्षा झालीये त्याला, लोणी खाल्लंन," अनंतराव म्हणाले.

लोकहो, असा नवरा मिळायला पुण्याई लागते, हे कुंदाताईच पुढे सगळ्यांना सांगायच्या. तेव्हा तोंडाने बोलल्या नाहीत, पण रोज सकाळी त्या खाटेवरून ती पूजा बघू लागल्या. एके दिवशी अनंतरावांनी बाजारातून सोडे आणले, गंधालीला फोनवर विचारत विचारत खिचडी केली आणि थोडी करपवली. कुंदाताईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." अनंतरावांना इतका आनंद झाला म्हणून सांगू! कित्येक महिन्यांनी बायकोला चव कळली होती. त्यांनी गंधालीला लगेच कळवलं, "तुझी आई मीठ कमी आहे म्हणाली!" आणि नाशिकला ती वेडी पोर फोनवर टाळ्या वाजवत बसली.

शरीर असं हळूहळू वर आलं. पण एक काटा आत रुतून होता. परबांच्या घराचं काय झालं असेल? इतक्या माणसांचं घर, पहिल्यांदाच मुंबईत आलेला देव, आणि आपण तो हाकलला. वर्षात कुणी आजारी पडलं असेल, कुणाची नोकरी गेली असेल, भिकाजींचा गुडघा बिघडला असेल. शिकलेल्या बाई होत्या, असं काही नसतं हे लोकांना सांगणाऱ्या होत्या, पण स्वतःच्या मनाला ते पटेना. विचारायला फोन करायचा तर वाईट बातमी ऐकावी लागेल ही भीती. भाजीला भांडुपच्या बाजूला जायचंसुद्धा त्यांनी सोडलं. मध्ये एकदा, बरं वाटतंय म्हणून पोथी उघडली, तर प्राणप्रतिष्ठेच्या पानापुढे वाचवेना. पोथी मिटून त्यांनी अनंतरावांना सांगितलं, "संपलं हो माझं. मी आता परत पाटावर बसू शकणार नाही." हे म्हणताना त्या रडल्या नाहीत, आणि म्हणूनच अनंतराव घाबरले. या बाईला त्या कामाची किती माया होती, हे त्यांच्याइतकं कुणी बघितलं नव्हतं.

श्रावण लागला आणि एका संध्याकाळी बेल वाजली. दारात भिकाजी परब, हातात काठी, आणि मागे सरूबाई, हातात हातभर लांब पडवळ आणि दोन नारळ. कुंदाताईंनी आतून आवाज ओळखला आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. आलीच शेवटी वेळ. काय ऐकवायचं ते ऐकवतील. ऐकून घ्यायचं आणि पाय धरायचे. अनंतरावांनी तोवर दोघांना बसवून पाणी दिलं होतं.

कुंदाताई बाहेर आल्या आणि वाकायलाच गेल्या. "काका, माझ्या हातून त्या दिवशी फार मोठा..."

"गप गो!" भिकाजी म्हणाले. "आधी बस. तब्येत कशी आसा?"

"माझं सोडा. तुमच्या घरी सगळं... सगळे बरे आहेत ना?"

"आमका काय धाड भरली हा?" सरूबाई म्हणाल्या. "सून गरवार आसा. ह्यांचो गुडघो बरो झालो, आता दुसरो दुखता. तो काय गणपतीन दुखवल्यान नाय, वयान दुखता."

"पण मी देवाला..."

तेव्हा भिकाजींनी सांगितलं. कुंदाताईंना रिक्षात बसवल्यावर घरात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे दुसरे गुरुजी आणा, कुणी म्हणे मूर्तीच दुसरी आणा. भिकाजींनी सगळ्यांना गप्प केलं, देवापुढे एक फूल ठेवलं आणि हात जोडून म्हणाले, "बाई दमली हा. तुका कोणी जावंक सांगूक नाय. बस." मग मिहिरने मोबाइलवर पूजा लावली आणि तिच्या मागून सगळ्यांनी फुलं वाहिली. "आणि मग मी म्हटलं," भिकाजी हसत म्हणाले, "पावण्याक दारातच 'चल' म्हटला, तर त्याची भरपाई करूक होयी. आमचो गणपती पाच दिसांचो. गेल्या वर्षी अकरा दिस ठेवलंव! सगळे खूश. पोरांनी रोज भजनां केली. गावाक गेलो असतो तर पाचव्या दिसाक पाण्यात."

वर्षभर कुंदाताईंनी ज्या घराची काळजी वाहिली, त्या घराने त्यांच्या चुकीचा सहा दिवस जास्तीचा सण करून टाकला होता. त्यांना हसू येत होतं आणि डोळे भरत होते, आणि दोन्ही एकदम होत असल्यामुळे धड काहीच होत नव्हतं.

"ह्या वर्षी पण देव हंयच," सरूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या गुडघ्याची किरपा. तू ये."

"नाही काकी. पूजा माझ्याच्याने नाही होणार. खरंच नाही."

"पूजेक येव नको. जेवूक तरी ये."

एवढं म्हणून ती दोघं उठली. चहाचा कपसुद्धा पुरा केला नाही, कारण रिक्षावाला खाली उभा होता. गेल्यावर कुंदाताई बराच वेळ नारळांकडे बघत बसल्या. मग काही दिवसांनी त्यांनी अनंतरावांना विचारलं, "एकच घर घेतलं तर?"

"एकच?" अनंतरावांनी डोळे बारीक केले. "तुला एकच घेता येईल? थांब, परीक्षा घेतो." ते उठून आतल्या खोलीत गेले आणि तिथून बारीक आवाज काढून म्हणाले, "हॅलो, कुंदाताई का? अहो, फक्त दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या सासूबाईंना तुमच्याशिवाय कुणी चालत नाही हो!"

"बरं, बघते," कुंदाताईंच्या तोंडून निघून गेलं.

"नापास!" आतून आवाज आला. "आपल्याच नवऱ्याकडे पूजा घेतलीस, शहाणे!"

पुढे रोज संध्याकाळी ही तालीम चालली. अनंतराव कधी सोसायटीचे सेक्रेटरी व्हायचे, कधी रडकी सून, कधी अमेरिकेतून फोन करणारा मुलगा. कुंदाताई हसायच्या, अडखळायच्या, आणि म्हणायला शिकायच्या, "यंदा नाही जमणार." आणि तो दिवस आलाच. घाटकोपरच्या नीलावहिनी, कुंदाताईंच्या पहिल्या यजमानांपैकी एक, यांचा खराखुरा फोन आला. त्यांच्या सोसायटीत ओळीने घरं होती, सगळ्यांना कुंदाताईच हव्या होत्या. अनंतरावांनी मुद्दाम फोन बायकोच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. कुंदाताईंनी ओठ आवळले. "वहिनी, तुमचं मीठ खाल्लंय मी. पण यंदा एकच घर. माझ्या वर्गातली गार्गी म्हणून आहे, चांगली सांगते. तिचा नंबर देते." मग नीलावहिनी म्हणाल्या, "अगं, मग दे ना. पण तू बरी आहेस ना, कुंदा?" एवढंच. आभाळ कोसळलं नाही. 'माझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही' हे वाक्य त्या दिवशी मुलुंडच्या खाडीत बुडालं, आणि बरं झालं बुडालं.

चतुर्थीला कुंदाताई सकाळी नीट नाश्ता करून निघाल्या. अनंतराव स्कूटरवर मागे. कोकणनगरात पोचल्या तर आरास चाललेली, सरूबाईंनी आधी चहा हातात दिला. यंदा त्या चहा प्यायल्या, बसून, सगळा. घरची मंडळी ओळखीचं हसली. गेल्या वर्षीच्या रडण्याचा कुणी उल्लेख केला नाही, फक्त एका आजीने जवळ येऊन गालावरून हात फिरवला.

आचमन झालं. संकल्पाला भिकाजींचं गोत्र बरोबर आलं. मग प्राणप्रतिष्ठा. कुंदाताईंनी दूर्वा उचलल्या, मूर्तीच्या छातीला लावल्या, आणि शब्द आला नाही. तीच खोली, तीच माणसं, तोच हात. मागे अनंतरावांनी श्वास रोखला.

"सावकास गो," सरूबाई म्हणाल्या. "खंय गाडी पकडूची आसा?"

कुंदाताईंनी दूर्वा तशाच धरून ठेवल्या आणि मान वर करून देवाकडे बघितलं. किती वर्षांनी बघितलं असेल कोण जाणे! छान बसला होता. मूर्तिकाराकडून एका पापणीची रेघ जरा जाड झाली होती, त्यामुळे बाप्पा किंचित झोपेतून उठल्यासारखा दिसत होता. त्यांना त्याची माया आली. देवाची माया वाटून पूजा करायची असते, हे त्या स्वतः लोकांना सांगायच्या. मंत्र आला. घाईने नाही, एकेक शब्द. त्यांच्या खणखणीत आवाजात थोडी ओल होती, पण तो आला, आणि मग सगळी पूजा आपोआप उलगडत गेली. अर्थही सांगितला, तोही मराठीत, आणि पोरांनी मोबाइल खाली ठेवले.

आरती झाली. कुंदाताई सामान आवरू लागल्या, तर भिकाजी म्हणाले, "थांब गो. गाराणां व्हया."

कोकणातली ही रीत. पूजा गुरुजींची, पण गाऱ्हाणं घरच्या कर्त्या माणसाने घालायचं, आपल्या बोलीत, देवाशी समोरासमोर. तो एकेकासाठी मागणार आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. भिकाजी काठी टेकत उभे राहिले, हातात नारळ घेतला आणि आवाज चढवला, "बा देवा महाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. त्यांनी मोडकीतोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" खोली दुमदुमली.

"सुनेक सुखरूप मोकळी कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"गावच्या घरार नवा छप्पर इला हा, ता सांभाळ रे महाराजा! आणि माझे दोनय गुडघे तुझ्या हवाली रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" पोरं हसली, भिकाजीही हसले. मग त्यांनी नारळ जरा वर धरला.

"आणि महाराजा, ही मुलुंडची कुंदाबाय. गावभर तुका घराघरात बसवता. हजार लोकांची नावां घेवन तुझ्याकडे मागता. तिच्या नावान कोणी कधी मागूक नसात, तर ता आज मी मागतंय. तिका निवांत झोप लागांदे. चार घास चवीन खावांदे. झेपात तेवढाच काम तिच्या पदरात घाल, आणि ता करताना तिच्या जीवाक आनंद दी रे महाराजा!"

कुंदाताई हातात रिकामं ताम्हन धरून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत किती घरं, किती संकल्प. अमक्याच्या आरोग्यासाठी, तमक्याच्या भरभराटीसाठी, आणि आपल्या नावाला तिथे जागा असते हे त्यांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी, त्या म्हाताऱ्या आजीने, पोरांनी, अनंतरावांनी, एका दमात म्हटलं, "व्हय महाराजा!"

सगळे त्यांच्याकडे बघत थांबले. मग बाकीच्यांच्या मागून, जरा उशिरा, त्यांचाही आवाज आला, "व्हय महाराजा."